डमीताईची खोली

तिला सगळे डमीताई म्हणत. हे नाव पहिल्यांदा कुणी ठेवलं ते तिलाही आठवत नसे. पण ते असं चिकटलं, की स्टुडिओत चहा आणणारा माणूससुद्धा “हा डमीताईंचा, बिनसाखरेचा” म्हणत एक कप वेगळा काढून ठेवायचा. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे, कारण तिचं कामच ते होतं.

एखादं गाणं बांधून झालं, तरी ज्या मोठ्या गायिकेसाठी ते बांधलं तिला वेळ मिळायला महिना महिना लागायचा. तोवर वादकांना साथ करायला, पडद्यावर ओठ हलवणाऱ्यांना सराव करायला आणि खुद्द त्या गायिकेला चाल शिकायला कुणाचा तरी आवाज हवा असायचा. तो आवाज डमीताईचा. ती दुपारी जायची, चाल उचलायची आणि अशी गायची की डोळे मिटले तर मोठी गायिकाच समोर उभी आहे असं वाटावं. एकीचा नाकातला लाडिक सूर, दुसरीची शब्दाच्या शेवटी सोडलेली हवा, तिसरीचा भारदस्त खर्ज, सगळं तिच्या गळ्यात हजर असायचं. पुढे कधीतरी मोठी गायिका यायची, कानाला हेडफोन लावून डमीताईला ऐकायची, तसंच्या तसं गायची आणि गाडीत बसून निघून जायची. मग रेकॉर्डिस्ट एक बटण दाबायचा आणि डमीताईचा आवाज पुसला जायचा.

सुरुवातीला नवऱ्याला याचं भारी कौतुक. दुकानात, बसमध्ये एखादं गाणं लागलं की तो शेजारच्या माणसाला सांगायचा, “ही जी हरकत घेतली ना आत्ता, ती आमच्या हिची.” माणूस मान हलवायचा आणि दुसरीकडे बघायचा. चार जणांनी असं दुसरीकडे बघितल्यावर नवऱ्यानं कानाला खडा लावला. तो नाट्यगृहांच्या खुर्च्या शिवायचा. फाटलेल्या गाद्या उसवायच्या, आतला काथ्या बदलायचा, नवं कापड ताणून बसवायचं. मितभाषी माणूस. तोंडात बारीक खिळे धरून काम करायची सवय असल्यामुळे बोलणं कमी झालं, असं सासूबाई म्हणायच्या.

सासूबाईंबद्दल सांगायलाच हवं, कारण त्या नसत्या तर डमीताई डमीसुद्धा झाली नसती. मुलगा अंगावर पीत होता तेव्हा स्टुडिओतून पहिलं बोलावणं आलं. नवरा घुटमळला. सासूबाई भांडी विसळत होत्या, त्यांनी हातही पुसले नाहीत. म्हणाल्या, “जाऊ दे तिला. पोराला मी बघते. देवानं दिलेला गळा काय कपाटात घडी घालून ठेवायचाय?” आणि त्यांनी खरंच बघितलं. मुलाचं दूध, शी-शू, पुढे शाळा, अभ्यास, गोवर, पडलेले दात, सगळं. डमीताई दुपारभर दुसऱ्यांच्या आवाजात गायची आणि घरी पोर आजीच्या कुशीत झोपलेलं असायचं. मुलगा मोठा झाला, नोकरी लागून दूरच्या शहरात गेला, तेव्हा स्टेशनावर तो आधी आजीच्या गळ्यात पडला. डमीताईला ते लागलं. पण बोलायला तोंड नव्हतं.

सासूबाईंची खोली घराच्या मागच्या अंगाला होती. घर लहान. पुढे बैठकीची खोली, तिथेच नवराबायको झोपत; मधे स्वयंपाकघर आणि मागे ही खोली. खोलीत एक लोखंडी पलंग, एक कपाट आणि रस्त्यावर उघडणारी खिडकी. गुडघे गेल्यापासून सासूबाईंचं जग त्या खिडकीत होतं. समोरच्या बसथांब्यावर कोण कुणाची वाट बघतं, कोण रोज उशीर करतो, कुणाचं कुणाशी जमलं आणि कुणाचं फाटलं, याची त्यांच्याकडे बित्तंबातमी असायची. “निळ्या छत्रीवाली आज पण एकटीच गेली,” असं त्या जेवताना सांगायच्या, जणू ती घरातलीच कुणी. आणि त्यांना खोकला होता. जुना, कोरडा, दम लागेस्तोवर चालणारा. डॉक्टरांनी हात टेकले होते. घरातल्यांना तो घड्याळाच्या टिकटिकीसारखा झाला होता. असला तरी ऐकू येत नसे.

मग स्टुडिओ बंद पडला. एका दिवसात नाही. आधी एक मजला गेला, मग दुसरा, आणि शेवटी तिथे गाद्यांचं गोदाम झालं. संगीतकारांनी आपापल्या घरीच यंत्रं मांडली. डमीताई ज्याच्याकडे सर्वात जास्त गायली होती त्या संगीतकाराचा फोन आला.

“ताई, आता तुम्हीही घरीच सोय करून टाका. मी चाल पाठवायची, तुम्ही गाऊन परत पाठवायचं. यायला-जायला नको, काही नको.”

“घरी कसं जमणार सर? भिंती घुमतात.”

“ते काय, खोलीला अस्तर लावून घ्यायचं. आणि ऐका, आताच कुणाला बोलू नका, पण एक गाणं आहे. माझ्या मनात ते तुमच्याच आवाजात ठेवायचंय. पुसायचं नाही. निर्मात्याच्या कानावर घातलंय. माणूस तयार दिसतोय.”

डमीताईनं फोन ठेवला. इतक्या वर्षांत ‘पुसायचं नाही’ हे शब्द कुणी तिच्यापाशी उच्चारले नव्हते.

घरात दार बंद होईल अशी खोली एकच होती. तिनं नवऱ्यासमोर विषय काढला तेव्हा तो जेवत होता. त्यानं घास खाली ठेवला, परत उचलला. “आणि आई?” एवढंच विचारलं.

“पलंग पुढच्या खोलीत लावू. उजेड चांगला आहे तिकडे.”

उजेड पुढच्या खोलीत नव्हता. पुढची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडत होती. हे दोघांनाही माहीत होतं.

सासूबाईंनीच गाडी पुढे ढकलली. आतून सगळं ऐकलं असणार. काठी टेकत आल्या आणि म्हणाल्या, “गाणं हिच्या नावावर येणार म्हणते ना? मग काय बघायचं राहिलं? मला म्हातारीला झोपायला पलंगाएवढी जागा पुरते.”

जुन्या स्टुडिओतला रेकॉर्डिस्ट आता घरोघरी फिरून अशा खोल्या लावून द्यायचा. तो एका सकाळी आला, खोलीच्या मध्यभागी उभा राहिला आणि टाळी वाजवली. भिंतींनी ती टाळी झेलली, एकमेकींकडे टाकली, आणि पत्र्यावर वाळू पडावी तसा तिचा आवाज थरथरत विरला.

“हे मारायचंय,” तो म्हणाला.

काय काय लागेल ते त्यानं समजावून दिलं. लाकडाच्या चौकटी, त्यात दगड वितळवून केलेल्या लोकरीचे, म्हणजे रॉकवूलचे, ताठ थर, वरून हवा जाईल असं कापड. चौकट भिंतीला चिकटवून नाही बसवायची. मागे चार बोटं पोकळी ठेवायची. कोपऱ्यांत जाड थर, कारण जड आवाज कोपऱ्यात जाऊन बसतो. छतालाही एक चौकट साखळ्यांनी टांगायची, बरोबर गाणाऱ्याच्या डोक्यावर. खिडकीची काच सगळ्यात वाईट, ती झाकायची.

“म्हणजे बाहेरचा काहीच आवाज येणार नाही ना?” डमीताईनं विचारलं.

“तसं नाही ताई. हे आतला घुमारा खातं. बाहेरचा आवाज थांबवायचा तर भिंतच जाड करावी लागते, दार बदलावं लागतं. ते या घरात कुठे होणार?” मग तिचा चेहरा बघून तो म्हणाला, “थोडाफार फरक पडेल म्हणा.”

डमीताईनं त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं लक्षात ठेवलं.

चौकटी नवऱ्यानं स्वतः केल्या. सुट्टीच्या दिवशी पुढच्या खोलीत वर्तमानपत्रं पसरली, नाकातोंडाला फडकं बांधलं आणि लोकर कापायला बसला. त्या लोकरीची कुसं हातांत शिरायची, मनगटापर्यंत लाल चट्टे उठायचे. डमीताईनं हातमोजे आणून दिले; मोजे घालून कापड नीट ताणता येत नाही म्हणून त्यानं ते बाजूला ठेवले. करडं कापड तो खुर्चीवर ताणतो तसंच ताणायचा. आधी मधे एक टाका, मग समोरच्या बाजूला, मग कोपरे घडी घालून. कुठे चुणी नाही, कुठे झोळ नाही. सासूबाई शेजारच्या पलंगावर बसून बघायच्या. त्या धुळीनं त्यांचा खोकला वाढला, पण “कोपरा बघ, सुटतोय,” असं म्हणून त्या चुका दाखवायच्या आणि लेक निमूट तो कोपरा उसवून पुन्हा बसवायचा.

कुठे कुठे चौकटी लावायच्या ते ठरवायला रेकॉर्डिस्टनं आरशाची युक्ती सांगितली होती. डमीताईनं गायच्या जागी खुर्चीवर बसायचं, समोर माइक. नवऱ्यानं भिंतीला आरसा टेकवून हळूहळू सरकवायचा. ज्या जागी आरशात माइक दिसेल, तिथूनच तिचा आवाज उलटून माइकमध्ये शिरणार. तिथे खूण करायची. त्या दिवशी सासूबाई खिडकीशी येऊन उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी खिडकी झाकायची होती, म्हणून जरा बघून घेते म्हणाल्या होत्या.

“दिसला का?” नवऱ्यानं विचारलं.

“नाही. अजून पुढे घ्या.”

आरसा सरकला. त्यात सासूबाईंची पाठ आली, काठीवर रेललेली.

“आता?”

“नाही. पुढे, अहो. अजून पुढे.”

नवऱ्यानं आरशात काय दिसतंय ते वाकून बघितलं. मग पुढे सरकवला आणि माइक दिसला तिथे पेन्सिलनं फुली मारली.

भिंतीत भोकं पाडून, गिट्ट्या ठोकून, लाकडी पट्ट्या स्क्रूनं पिळून त्यानं एकेक चौकट चढवली. छताची चौकट टांगताना डमीताईला स्टुलावर चढून खालून डोक्यानं आधार द्यावा लागला. “हलू नकोस,” तो म्हणाला. त्या दिवसभरात तो तिच्याशी तेवढंच बोलला. शेवटी खिडकीवरची चौकट बसली आणि दुपार असून खोलीत दिवा लावावा लागला.

काम झाल्यावर तिनं टाळी वाजवली. टाळी हातातच मेली. उशीत तोंड खुपसून बोलावं तशी. तिला बरं वाटलं. आणि थोडं भ्यायल्यासारखंही.

त्या खोलीत पहिल्यांदा गायली तेव्हा ती मधेच थांबली. आजवर तिच्या आवाजाला मोठ्या स्टुडिओचा हॉल साथ द्यायचा, कडा गोल करायचा. इथे तसं काही नव्हतं. गळ्यातून निघालेला सूर तसाच उघडावाघडा कानात येत होता. पहिल्या ओळीत तिला एक गायिका ऐकू आली, दुसऱ्या ओळीत दुसरी. स्वतःची ओळ कुठली ते सापडेना. पुढचे कितीतरी दिवस ती दार लावून तेच शोधत राहिली. नाकातला सूर काढून टाकला, उसनी हवा काढून टाकली, खर्ज काढून टाकला. खाली जे उरलं ते बारीक होतं, किंचित खरखरीत, आणि तिला अनोळखी. पण ते कुणाचं नव्हतं. एका दुपारी त्या आवाजात मुखडा असा लागला, की तिचे डोळे भरून आले.

नेमका तेव्हा बाहेर सासूबाईंना खोकला आला.

रेकॉर्डिंग ऐकलं तर त्यात खोकला स्पष्ट होता. खोलीत घुमारा होता तेव्हा एक वेळ तो त्यात बुडून गेला असता. आता सगळं इतकं स्वच्छ झालं होतं, की खोकल्याआधी घेतलेला दमसुद्धा ऐकू येत होता. तिनं परत गायलं. परत खोकला. ती बाहेर आली आणि काही बोलली नाही. पण न बोलणंही सासूबाईंना कळायचं. त्या ओशाळून म्हणाल्या, “मला कळतच नाही गं, तुझं आत कधी चालू होतं. तू दाराला टकटक करून सांग. मी धरून ठेवीन.”

मग तशी रीत पडली. आतून टकटक झाली की सासूबाई शालीचा बोळा तोंडात धरायच्या. एकदा नवरा कामावरून लवकर आला. बघतो तर आई पलंगावर वाकलेली, चेहरा लालबुंद, डोळ्यांतून पाणी, आणि शाल दातांत. तो धावला. तिनं त्याला हातानंच थांबवलं, दाराकडे बोट दाखवलं. थोड्या वेळानं दार उघडून डमीताई बाहेर आली, तेव्हा म्हातारीनं शाल काढली आणि दबल्या आवाजात विचारलं, “झालं का गं? खोकू का आता?”

नवऱ्यानं बायकोकडे बघितलं. डमीताई स्वयंपाकघरात निघून गेली.

संध्याकाळी तीच म्हणाली, “असं किती दिवस त्यांचे हाल करायचे? थोडे दिवस मोठ्या भावजींकडे राहू देत. गाणं झालं की घेऊन येऊ.”

“तू सांग तिला,” नवरा म्हणाला. “मी नाही सांगणार.”

तिनं सांगितलं. हे तुमच्याच भल्यासाठी, असंही सांगितलं. सासूबाई ऐकत होत्या. “जाते की,” त्या म्हणाल्या. “त्यात एवढं समजावायला काय झालं?” आपली औषधं त्यांनी स्वतः पिशवीत भरली. थोरला दीर रिक्षा घेऊन आला तेव्हा नवरा कामावर गेला होता. त्या दिवशी त्याला सुट्टी होती, तरी गेला होता.

घर शांत झालं, आणि डमीताईनं ते गाणं गायलं. यात खोटं काही नाही, ती सुरेख गायली. जन्मभर दुसऱ्यांचे सूर वाहून थकलेल्या गळ्यातून पहिल्यांदा तिचं स्वतःचं काही निघालं होतं. पाठवून दिलं आणि ती फोनपाशी बसून राहिली. दोन दिवस जीव टांगणीला लागला. मग फोन आला.

“ताई, अप्रतिम,” संगीतकार म्हणाला. “खरंच. मी बायकोला ऐकवलं. पण...”

हा ‘पण’ तिनं आयुष्यात पुष्कळदा ऐकला होता.

“निर्माता म्हणतो, आवाज छान आहे, पण ओळखीचा वाटत नाही. लोकांना ओळखीचं लागतं हो. त्यानं परस्पर मोठ्या बाईंशी बोलून घेतलं. आता माझ्या हातात काही राहिलं नाही.”

“बरं सर.”

“तुम्हाला वाईट वाटलं असेल.”

“नाही सर.”

“मग एक करता का? तेच गाणं जरा बाईंच्या वळणानं गाऊन पाठवा. तुमचं हे जे आहे ते फार वेगळं आहे, त्यांना यावरून शिकायला जड जाईल.”

डमीताई फोन हातात धरून त्या करड्या भिंतींकडे बघत राहिली. एखादीनं फोन आपटला असता. पाणी पिऊन तिनं दार लावलं आणि ती बाईंच्या वळणानं गायली. पहिल्याच खेपेला बिनचूक आलं. तिला त्याचाच जास्त राग आला.

नवऱ्याला तिनं जेवताना सांगितलं. तो म्हणाला, “म्हणजे झालं तुझं. आता आईला आणू.”

“गाणं बाहेर येऊ दे आधी. अजून दुरुस्त्या निघतील. त्यांना आणून परत पाठवायचं का?”

दुरुस्त्या निघाल्याही. एक अंतरा बदलला, मग शब्द बदलले, मग दुसरं एक गाणं आलं. हे दिवस कसे लांबत गेले ते तिचं तिलाही कळलं नाही; किंवा कळलं आणि तिनं कानाडोळा केला. शांत घराची सवय माणसाला फार लवकर लागते. सासूबाईंना ती फोन करायची. त्या विचारायच्या, “आलं का गाणं?” “येईल,” ती म्हणायची. आवाज पुसला गेला हे तिनं त्यांना सांगितलंच नाही.

गाणं आलं आणि जिकडेतिकडे वाजायला लागलं. डमीताईनं ते पहिल्यांदा औषधाच्या दुकानात ऐकलं आणि सुटे पैसे घेता घेता तिचा हात तसाच राहिला. गाण्याच्या सुरुवातीला शब्द येण्याआधी एक गुणगुण होती. ती तिची होती. बारीक, खरखरीत, कुणाचीच नसलेली. पहिल्या खेपेला गायलेल्या त्या सगळ्या गाण्यातून तेवढीच उचलून ठेवली होती. पुढे मोठ्या बाई सुरू होत होत्या. तिनं तिथूनच संगीतकाराला फोन लावला.

“हो, ठेवली मी,” तो म्हणाला. “बाईंकडून तशी निघेचना. पण ताई, हे बाहेर बोलू नका. त्यांच्या कानावर गेलं तर माझी धडगत नाही. तुमचंही काम बंद होईल.”

त्याच आठवड्यात नवराबायको सासूबाईंना आणायला गेले. थोरल्या दिराचं घर हमरस्त्याला लागून, खाली गॅरेज, दिवसभर ठोकाठोक. बैठकीच्या खोलीत सगळे बसले होते. जाऊबाई चहा घेऊन आल्या आणि हसत सुटल्या.

“अगं, तुझ्या सासूबाईंची गंमत सांगते. ते नवीन गाणं लागतं ना, सारखं लागतं बघ, ते सुरू झालं की ह्या म्हणतात, ‘आमची आहे ही.’ मी म्हटलं, आई, ती मोठी गायिका आहे, सगळ्या जगाला माहीत आहे. तर माझ्याशी भांडल्या. परवा खालच्या गॅरेजवाल्याला बोलावून सांगत होत्या, ही माझी सून गातेय. तो तरी काय म्हणणार? हो आजी, हो आजी. डॉक्टरांना म्हटलं, वयानं असं होतं का हो?”

दीरही हसला. सासूबाई हसल्या नाहीत. त्या खुर्चीत बसल्या होत्या, त्यांनी मान वळवून डमीताईकडे बघितलं. “सांग गं त्यांना,” त्या म्हणाल्या. “ती सुरुवातीची गुणगुण. ती तुझी की नाही?”

खोलीत सगळे तिच्याकडे बघत होते. खोटं बोलायची तिची इच्छा नव्हती. पण जाऊबाईंच्या तोंडात तीळ भिजत नव्हता. आज इथे बोललं की उद्या चार घरी गेलं असतं. हातातलं काम डोळ्यांसमोर आलं, संगीतकाराचा स्वर आठवला. आणि ती चहाच्या कपात बघून म्हणाली, “नाही हो आई. ते त्यांचंच आहे. तुम्हाला भास झाला असेल.”

“बघा,” जाऊबाई म्हणाल्या.

नवऱ्यानं बायकोकडे बघितलं. त्यानंही ती गुणगुण ऐकली होती, त्यालाही ठाऊक होतं. त्यानं तोंड उघडलं, पण खिळे धरल्यासारखे ओठ परत मिटले.

मग डमीताईनं त्यांच्या कपड्यांची पिशवी मागितली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “पिशवी राहू दे. मी इथेच राहते.”

“असं कसं आई? खास घ्यायला आलोय आम्ही.”

“कळलं ना. पण मला इथे बरं आहे.”

“इथे एवढा गोंगाट. झोप तरी लागते का तुम्हाला?”

“लागते.” म्हातारीला खोकला आला. ती खोकली, पोटभर, घाई न करता, मोठ्यानं. कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही. खाली गॅरेजात कुणीतरी पत्रा ठोकत होतं. दम परत आल्यावर त्या म्हणाल्या, “बघ. इथे खोकता येतं.”

त्या चिडून बोलल्या नव्हत्या. चिडल्या असत्या तर डमीताईला पाया पडून, रडून, रुसवा काढून त्यांना घरी आणता आलं असतं.

परतताना बसमध्ये नवरा पुढच्या बाकावर बसला, तिच्या शेजारची जागा रिकामी असताना. घरी आल्यावर त्यानं आईचं कपाट उघडलं, उरलेल्या वस्तू एका खोक्यात भरल्या आणि दुसऱ्या दिवशी भावाकडे नेऊन दिल्या. मग तो शनिवारी कामावरून परस्पर तिकडे जायला लागला, रविवारी संध्याकाळी परत यायचा. हळूहळू आठवड्याच्या मधेही जायला लागला. भांडण असं झालंच नाही. एकदाच ती म्हणाली, “मी काय मुद्दाम केलं का?” तो बूट घालत होता. “नाही,” म्हणाला. “आरसा मीच सरकवला.” आणि गेला.

सासूबाई पुढच्या वर्षी तिथेच वारल्या. डमीताई निरोप मिळताच पोचली, सगळं केलं, रडली. जाऊबाई लोकांना सांगत होत्या, शेवटी शेवटी त्यांचं डोकं चालत नव्हतं, कुणाच्याही गाण्याला सुनेचं गाणं म्हणायच्या. डमीताई तिथेच उभी होती. त्या वेळी बोलली असती, तरी ऐकून कुणी काय केलं असतं?

मुलगा येऊन गेला. त्यानं मागच्या खोलीच्या दारात उभं राहून एकदा आत बघितलं, पण पाऊल टाकलं नाही.

काम मात्र वाढलं. डमीताईच्या घरून येणारं रेकॉर्डिंग फार स्वच्छ असतं, अशी तिची ख्याती झाली. ज्यांनी तिला कधी पाहिलं नव्हतं तेही चाली पाठवायला लागले. एका दुपारी तो संगीतकार जवळच कुठे आला होता म्हणून पहिल्यांदाच घरी डोकावला. त्यानं खोली फिरून बघितली, चौकटींच्या कापडावरून हात फिरवला, काम कुणी केलं विचारलं. मग पुढच्या खोलीत येऊन बसला आणि कान देऊन जरा वेळ ऐकत राहिला. ऐकण्यासारखं काहीच नव्हतं.

“ताई, तुम्ही नशीबवान आहात,” तो म्हणाला. “आमच्याकडे सारखा कुणीतरी बोलत असतो, कुणीतरी रडत असतो, टीव्ही चालू असतो. असं शांत घर मिळत नाही कुणाला.”

“चहा घेणार ना सर?”

“घेऊ की. आणि हो, गुरुवारपर्यंत दोन गाणी गाऊन हवी होती. जमेल?”

“जमेल,” ती म्हणाली, आणि कुणाच्या वळणानं गायचं ते विचारून घेतलं.